महूयाएल (उत्पत्ती ४:१८): एकाच ओळीत दोन रूपं, मग अर्थ कोणता धरायचा?

आडवीमात्रा
उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाची वंशावळ आहे: काइन, हनोख, ईराद, महूयाएल, मथुशाएल, लामेख. यातला महूयाएल अख्ख्या बायबलमध्ये फक्त या एका वचनात येतो. पहिल्या इतिहासाची वंशावळ आणि लूकच्या तिसऱ्या अध्यायातली वंशावळ, दोन्ही शेथाच्या फांदीने जातात, त्यामुळे पुढे त्याचं नाव निघतच नाही.

गंमत अशी की वचनात हे नाव दोनदा येतं (ईरादाला महूयाएल झाला, महूयाएलाला मथुशाएल झाला) आणि हिब्रूत ते दोन वेगळ्या प्रकारे लिहिलंय. पहिल्यांदा मेम-हेत-वाव-योद-आलेफ-लामेद, उच्चार साधारण 'मेहूयाएल'. लगेच पुढे मेम-हेत-योद-योद-आलेफ-लामेद, म्हणजे 'मेहिय्याएल'. सहापैकी फक्त तिसरं अक्षर बदललंय. बहुतेक भाषांतरं दोन्ही जागी एकच रूप छापतात, म्हणून वाचकाला याचा पत्ताच लागत नाही.

कोशांत अर्थही दोन दिसतात: 'देवाने मारलेला किंवा पुसून टाकलेला' आणि 'देव जीवन देतो'. हे तर थेट उलटे अर्थ झाले. अक्षरांवरून आणि व्याकरणावरून बोलणाऱ्यांनी लिहावं. बाळांच्या नावांच्या साइटवरचे अर्थ कृपया इथे चिकटवू नका.

शिरोरेघ
सगळा घोळ पहिल्या अक्षरात, म्हणजे मेममध्ये आहे. शेवटचं 'एल' (आलेफ-लामेद) म्हणजे देव, यावर वाद नाही. ते बाजूला काढलं की चार अक्षरं उरतात, आणि तिथला मेम तीन प्रकारे लावता येतो.

मेम धातूचाच भाग धरला, तर धातू मेम-हेत-हे, 'माहा', म्हणजे पुसणं, खोडून टाकणं. हिब्रूत ज्या धातूंच्या शेवटी 'हे' दिसतो, त्यांचं तिसरं अक्षर मुळात बहुधा योद असतं आणि कर्मणी धातुसाधितात ते परत वर येतं. 'बाना' (बांधणं) पासून 'बानूय' (बांधलेला), 'आसा' (करणं) पासून 'आसूय' (केलेला). त्याच साच्यात 'माहा'पासून 'माहूय', म्हणजे पुसलेला. पुढे दुसरा शब्द जोडला की पहिला स्वर आखडतो: 'गालूय' (उघडलेला) पण गणना २४:४ मध्ये 'गेलूय एनायिम', उघड्या डोळ्यांचा. तसंच माहूयचं 'मेहूय' होतं. मेहूय + एल, म्हणजे देवाने पुसलेला. पहिल्या रूपातले वाव आणि योद या साच्यात चपखल बसतात.

मेम धातुसाधिताचा उपसर्ग धरला, तर धातू हेत-योद-हे, 'हाया', म्हणजे जगणं. त्याच्या प्रयोजक अर्थाचं धातुसाधित 'मेहय्ये', जिवंत करणारा किंवा जिवंत ठेवणारा. नहेम्या ९:६ मध्ये देवाबद्दल हाच शब्द आहे. दुसऱ्या रूपातले दोन योद या बाजूला झुकतात.

तिसरा प्रकार म्हणजे मेम हे 'पासून' या अर्थाचं अव्यय. अलेक्झांड्रियाच्या फिलोने पहिल्या शतकात काइनाच्या वंशावर लिहिताना या नावाचा अर्थ 'देवाच्या जीवनापासून दूर' असा दिला, तो असाच निघतो: मे + हय्ये + एल. प्रवचनाला झकास, पण हिब्रू माणसांची नावं 'अमुकपासून' अशी बनत नाहीत. हा पर्याय सरळ वगळा.

निव्वळवाचक
'महूयाएल'मध्ये 'या' आणि 'एल' अशी देवाची दोन नावं आहेत असं एका व्हिडिओत ऐकलं. म्हणजे याह आणि एल. एलीयामध्ये असतं तसं.

शिरोरेघ
नाही. 'याह'ला योद आणि हे ही दोन अक्षरं लागतात. एलीया, यशया, यिर्मया या सगळ्या नावांत हिब्रूत तो 'हे' लिहिलेला असतो. महूयाएलमध्ये योदनंतर थेट आलेफ आहे, 'हे' कुठेच नाही. देवनागरीत 'या' दिसला की याह दिसायला लागतो, एवढीच त्यामागची करामत.

दौतटाक
देवनागरीचा विषय निघालाच आहे तर यापेक्षा मोठा खड्डा दाखवतो. हिब्रूत 'हे' आणि 'हेत' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. हेतचा उच्चार घशातून, खरखरीत. आपल्याकडे दोन्हींसाठी बहुधा 'ह' लिहितात. त्यामुळे शेथाच्या वंशातला महललेल आणि काइनाच्या वंशातला महूयाएल मराठी डोळ्याला भाऊ-भाऊ वाटतात. महललेलमध्ये 'हे' आहे, धातू हे-लामेद-लामेद, स्तुती करणं (हालेलूयामधला तोच). 'महलाल' हे नाम नीतिसूत्रे २७:२१ मध्ये आहे. म्हणून महललेल म्हणजे देवाची स्तुती. महूयाएलमध्ये हेत आहे. दोन्ही धातूंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

असंच 'अ'च्या मागे आलेफ आहे की आयिन, 'क'च्या मागे काफ आहे की कोफ, 'त'च्या मागे तेत आहे की ताव, हे देवनागरीवरून कळत नाही. अक्षरं पाहिल्याशिवाय धातू शोधायला बसू नये.

आडवीमात्रा
+१. पण दोन वेगळी रूपं आली कशी? लेखनिकाची चूक म्हणून सोडून द्यायचं का?

खडूफळा
चौकोनी हिब्रू लिपीत वाव म्हणजे एक उभी रेघ, योद म्हणजे तीच रेघ आखूड. आपल्याकडे घाईच्या हस्ताक्षरात 'घ'चा 'ध' होतो तसंच. मृत समुद्राकाठच्या कित्येक गुंडाळ्यांत तर वाव आणि योद निव्वळ आकारावरून ओळखणं अवघड जातं. त्यामुळे चूक शक्य आहे, यात शंका नाही.

पण एक अडचण आहे. दोन्ही रूपं एका वचनात, एकमेकांना खेटून उभी आहेत. नकलणाऱ्याच्या हातून असा फरक झाला, तर पुढचा नकलणारा बहुधा तो दुरुस्त करून दोन्ही सारखी करतो. इथे तसं झालं नाही. मासोरा परंपरेच्या लोकांनी (हिब्रू मजकुराला स्वरचिन्हं देऊन तो जपणारे यहुदी विद्वान) तर दोन्हींवर वेगवेगळे स्वर दिले आणि दोन्ही तशीच जपली. पानाच्या समासात 'लिहा असं, वाचा तसं' अशी सूचनाही इथे नाही.

छापील हिब्रू बायबल बहुतेक ज्यावर आधारलेलं असतं ती लेनिनग्राड प्रत इ.स. १००८ च्या सुमाराची, आज सेंट पीटर्सबर्गला आहे. तिच्याहून जुनी आणि नावाजलेली अलेप्पो प्रत इथे कामाची नाही, कारण १९४७ च्या दंगलीनंतर तिची सुरुवातीची पानं गेली. आज ती अनुवाद २८:१७ पासून पुढेच आहे.

दौतटाक
जुनी भाषांतरं काय सांगतात ते पाहू. सप्ततीत, म्हणजे हिब्रू बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात (तोराचा, म्हणजे पहिल्या पाच पुस्तकांचा भाग इ.स.पू. तिसऱ्या शतकातला) दोन्ही ठिकाणी 'माइएल' आहे. वावचा मागमूस नाही, म्हणजे त्यांच्यासमोर किंवा त्यांच्या वाचनात योद होता. उलट जेरोमच्या लॅटिन भाषांतरात (इ.स. ४०० च्या आसपास) दोन्ही ठिकाणी 'माविआहेल', तिथे 'व' ठळक आहे. म्हणजे दोन्ही वाचनं जुनीच, आणि दोघांनीही आपापल्या परीने एकच रूप करून टाकलं. हिब्रू मजकूर मात्र दोन्ही सांभाळून बसला. काही ग्रीक हस्तलिखितांत तर या जागी सरळ महललेलचंच ग्रीक रूप आलंय. ओळखीचं नाव अनोळखी नावाला गिळतं, ते असं.

अवांतर: त्याच ओळीतला ईराद सप्ततीत 'गाइदाद' झालाय. पहिलं अक्षर आयिन. जुन्या उच्चारात काही आयिन 'ग़'सारखे होते, म्हणून 'अज्जा'चं गाझा झालं आणि 'अमोरा'चं गमोरा. आणि रेश-दालेत ही जोडी वाव-योदइतकीच बदनाम आहे, त्यातून मधल्या 'र'चा 'द' झाला. एका ओळीत तीन नावं आणि तिन्हींत लफडी.

खडूफळा
तिसरं कोणतं?

दौतटाक
मथुशाएल. सप्ततीत तो 'माथुसाला' झाला, म्हणजे पाचव्या अध्यायातल्या ९६९ वर्षं जगलेल्या मथुशलहशी एकरूप. हिब्रूत दोघे वेगळे आहेत: एकाच्या शेवटी शीन-आलेफ-लामेद, दुसऱ्याच्या शेवटी शीन-लामेद-हेत.

कातळशिल्प
वाव-योद प्रकरणाला बायबलमध्येच एक जोडीदार आहे. याकोब रात्रभर झुंज देतो त्या जागेचं नाव. एका वचनात 'पनीएल', लगेच पुढच्या वचनात 'पनूएल'. तिथेही योदच्या जागी वाव, तिथेही पुढे एल, तिथेही खेटून. मराठीत ही वचनं उत्पत्ती ३२:३०-३१ आहेत, छापील हिब्रूत ३२:३१-३२, कारण हिब्रूत बत्तिसावा अध्याय एक वचन आधी सुरू होतो. क्रमांक जुळला नाही म्हणून गोंधळू नका.

तिथे कोणी लेखनिकाची चूक म्हणत नाही. प्राचीन सेमिटिक भाषांत नामाला विभक्तीचे स्वर लागत, 'उ' कर्त्याचा आणि 'इ' संबंधाचा. हिब्रूत ते झडले, पण जुन्या नावांत सांध्यावर उरले: शमुवेल, बथुवेल, पनूएलमध्ये 'उ', तर पनीएलमध्ये 'इ'. मग मेहूया/मेहिय्या हेही त्याच जातीचं का नसावं? तसं असेल तर दोन रूपं म्हणजे दोन अर्थ, हे गृहीतकच कोसळतं.

शिरोरेघ
निरीक्षण चांगलं आहे, पण पूर्ण लागू होत नाही. पनूएलमध्ये तो 'ऊ' एलला चिकटून आहे, म्हणजे सांध्यावर. इथे 'ऊ' नंतर योद येतो, मग 'आ', मग एल. बदलणारा स्वर नावाच्या पोटात आहे, सांध्यावर नाही. सांध्यावर दोन्ही रूपांत 'आ'च आहे.

आणि हा 'आ'च दोन्ही अर्थांच्या मुळावर येतो. पुसलेला हा अर्थ काटेकोर धरला तर 'मेहूयेल' असं काहीतरी अपेक्षित होतं. जीवन देणारा हा अर्थ काटेकोर धरला तर 'मेहय्येल'. हाती आहे मेहूयाएल आणि मेहिय्याएल. व्यंजनं दोन्ही अर्थांना साथ देतात, स्वर दोन्हींना थोडा दगा देतात. स्वरचिन्हं मूळ व्यंजनांनंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, म्हणून निकाल देताना व्यंजनांना जास्त वजन द्यावं, पण स्वर नाहीतच असं वागू नये.

कातळशिल्प
मान्य. पण पनूएलवरून एवढं तरी ठरतं की शेजारी-शेजारी वाव आणि योद ठेवणं संपादकांना खटकत नव्हतं.

शिरोरेघ
तेवढं ठरतं.

निव्वळवाचक
एक साधा प्रश्न. आपल्या मुलाचं नाव 'देवाने पुसून टाकलेला' असं कोण ठेवेल?

खडूफळा
साधा नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे. देवाचं नाव असलेल्या हिब्रू नावांत देव सहसा कर्ता असतो आणि काम चांगलं असतं: देवाने दिलं, देवाने ऐकलं, देव बळ देतो. मेमने सुरू होणारं धातुसाधित आणि पुढे एल, असा साचाही सापडतो: उत्पत्ती ३६:३९ मधली महेटबेल (देव भलं करतो), नहेम्या ३:४ मधला मशेजबेल (देव सोडवतो). दोन्हींवर अरामी छाप आहे, पण साचा खरा आहे. त्यात मेहिय्याएल, 'देव जिवंत ठेवतो', आरामात बसतं. अर्भकं दगावण्याच्या काळात असं नाव ठेवणं अगदी समजण्यासारखं.

'पुसलेला' व्याकरणाने अशक्य नाही. कर्मणी धातुसाधित आणि पुढे कर्ता, अशी रचना हिब्रूत आहे: यशया ५३:४ मध्ये 'मुक्के एलोहीम', देवाने मारलेला, उत्पत्ती २४:३१ मध्ये 'बेरूख' आणि पुढे परमेश्वराचं नाव, परमेश्वराने आशीर्वादित. पण हे वाक्यातले शब्दप्रयोग झाले. आई-बापाने ठेवायचं नाव म्हणून 'पुसलेला' विचित्रच.

दौतटाक
हो, पण नाव आई-बापाने ठेवलं की कथाकाराने, हा प्रश्न आधी सोडवा. रूथच्या पुस्तकात महलोन आणि खिल्योन, आजारपण आणि क्षय, अशी नावं कोणी ठेवेल का? कथेसाठी नावं घडवली जातात. काइनाच्या वंशात 'पुसणं' हा धातू ऐकू यावा, हे कथाकाराला हवं असू शकतं. पुढे जलप्रलयात हाच धातू घणासारखा येतो: ६:७ 'मी पुसून टाकीन', ७:४ परत, ७:२३ मध्ये तर दोनदा.

रब्बींनीही, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनीही, हेच ऐकलं. उत्पत्तीवरच्या त्यांच्या जुन्या भाष्यात, बेरेशीत रब्बा २३:२ मध्ये, यहोशुआ बेन लेवी या नावांकडे शिक्षेचे शब्द म्हणून बघतात: ईराद म्हणजे मी त्यांना जगातून हाकलतो, महूयाएल म्हणजे मी त्यांना जगातून पुसतो, मथुशाएल म्हणजे मी त्यांना झिजवतो. हे व्याकरण नव्हे, कोटी आहे. पण पहिल्या रूपात त्यांना 'माहा' स्पष्ट ऐकू येत होता, याचा तो पुरावा आहे.

कातळशिल्प
इथे मी थांबवेन. चौथा अध्याय स्वतः काय सांगतो? लामेखाचा मुलगा याबाल हा तंबूत राहणाऱ्या आणि गुरं पाळणाऱ्यांचा मूळपुरुष, यूबाल वीणा-बासरी वाजवणाऱ्यांचा, तुबल-काइन तांब्या-लोखंडाची हत्यारं घडवणारा (४:२०-२२). ऐकणाऱ्याच्या काळात धनगर आहेत, वाजंत्री आहेत, लोहार आहेत, आणि त्यांचे मूळपुरुष हे. पुसल्या गेलेल्या वंशाबद्दल असं कोणी बोलत नाही. ही यादी मुळात जलप्रलयाला न जोडलेली, कसब-व्यवसायांच्या उगमाची परंपरा दिसते. जलप्रलयाची सावली तिच्यावर नंतर पडली. म्हणून 'पुसलेला' हे नावाचं मूळ नसून नंतरचं ऐकणं आहे, असं माझं मत.

दौतटाक
हा मुद्दा वजनदार आहे. तरी 'नंतरचं ऐकणं' पहिल्या रूपाच्या वावमध्ये थेट लिहिलेलं दिसतं, एवढं म्हणू द्या.

आडवीमात्रा
दोन वंशावळ्यांच्या साम्याबद्दलही कोणीतरी लिहा. केनान, महललेल, यारेद, हनोख, मथुशलह, लामेख एकीकडे. काइन, हनोख, ईराद, महूयाएल, मथुशाएल, लामेख दुसरीकडे.

खडूफळा
सहाच्या सहा जोड्या लागतात: काइन-केनान, हनोख-हनोख, ईराद-यारेद, महूयाएल-महललेल, मथुशाएल-मथुशलह, लामेख-लामेख. फक्त हनोख आणि महूयाएल/महललेल यांच्या जागांची अदलाबदल आहे. काइनाच्या यादीत हनोख काइनाच्या लगेच नंतर आणि महूयाएल ईरादानंतर. शेथाच्या यादीत महललेल केनानाच्या लगेच नंतर आणि हनोख यारेदानंतर. अभ्यासकांचं साधारण मत असं की एकाच जुन्या यादीची ही दोन रूपं आहेत. चौथ्या अध्यायाचं कथन एका परंपरेचं, पाचव्याचं याजकीय परंपरेचं.

अदलाबदलीचं कारणही दिसतं. आदामापासून मोजलं तर काइनाच्या यादीत सातवा लामेख, सत्त्याहत्तरपट सूडाच्या बढाया मारणारा. शेथाच्या यादीत सातवा हनोख, देवाबरोबर चालणारा, वय ३६५. सातव्या जागेवर कोण बसवायचा हे ठरवून यादी रचलेली आहे. शेथाकडचा लामेख ७७७ वर्षं जगतो, हेही उगाच नाही.

आकड्यांत रमणाऱ्यांसाठी: काइनाच्या यादीत एकाचंही वय दिलेलं नाही. महललेलचं आहे. हिब्रूत यारेद झाला तेव्हा ६५, पुढे ८३०, एकूण ८९५. सप्ततीत १६५ अधिक ७३०, बेरीज तीच ८९५. कोणी 'महूयाएल ८९५ वर्षं जगला' असं लिहिलं असेल, तर त्याने दोघांची सरमिसळ केली आहे.

अंकलिपी
नावाची गेमात्रिया (अक्षरांच्या आकड्यांची बेरीज) कोणी काढली का? ९५ येते असं दिसतंय.

शिरोरेघ
मेम ४०, हेत ८, वाव ६, योद १०, आलेफ १, लामेद ३०. बेरीज ९५, बरोबर. आता दुसरं रूप: ४०, ८, १०, १०, १, ३०. बेरीज ९९. एकाच वचनात एकाच माणसाचे दोन आकडे. ज्याला जो आकडा सोयीचा तो त्यावर मनोरा रचतो आणि दुसरा लपवतो. खेळ म्हणून ठीक, त्यावरून अर्थ ठरत नाही.

निव्वळवाचक
हिब्रू येत नाही अशा माणसाने एखादं नाव तपासायचं तर कुठून सुरुवात करावी? स्ट्राँगचा क्रमांक पुरतो का?

दौतटाक
सुरुवातीला चालतो, पण तिथेच थांबलात तर फसाल. स्ट्राँगच्या सूचीत (बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणारी, १८९० ची) महूयाएल ४२३२ वर आहे. दोन्ही रूपांना तोच एक क्रमांक, त्यामुळे ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की फरक दिसतच नाही. अर्थ 'देवाने मारलेला' असा मिळतो, धातू ४२२९ 'माहा' कडे बोट दाखवून. पण 'माहा'चा नेहमीचा अर्थ पुसणं. 'आपटणं, जाऊन भिडणं' ही छटा गणना ३४:११ सारख्या ठिकाणची, शिवाय अरामीत मेम-हेत-आलेफ म्हणजे मारणं. म्हणजे 'मारलेला' हा अर्थ दोन घरं फिरून आलेला आहे.

म्हणून आधी हिब्रू मजकूर उघडा, आंतरओळी छापलेला असला तरी चालेल, आणि नाव जितक्या वेळा येतं तितक्या वेळा अक्षर-अक्षर कागदावर उतरवा. एकदा पाहून 'बाकी तसंच असेल' म्हणू नका. या वचनात नेमकं तेच नडतं. दुसऱ्या वेळी नावाच्या आधी आणखी एक वाव आहे, तो 'आणि' या अर्थाचा आहे, नावाचा नाही. तो नावात धरला की सातवं अक्षर मिळतं आणि कोशात काहीच सापडत नाही. पहिल्या वेळी नावाआधी 'एत' हा कर्माची खूण असलेला शब्द आहे, तोही सोडा.

मग देवाचा भाग वेगळा काढा आणि उरलेल्यातलं प्रत्येक अक्षर धातूचं की उपसर्गाचं, हे दोन्ही बाजूंनी लावून पाहा. मेम, योद, ताव आणि नून या चार अक्षरांवर विशेष संशय घ्या. मिळालेला प्रत्येक धातू किमान तीन ठिकाणी वाक्यात वापरलेला बघा, कोशातल्या एका शब्दावर विसंबू नका. त्याच साच्यात बनलेली दुसरी दोन-तीन नावं शोधा. साचा सापडला नाही तर अर्थापुढे प्रश्नचिन्ह टाका. सप्तती आणि लॅटिन त्यानंतर. शेवटी बघा की मजकूर स्वतः नावाची फोड देतो का. काइन (४:१), शेथ (४:२५), नोहा (५:२९) यांची फोड उत्पत्तीत दिलेली आहे. महूयाएलची नाही. म्हणून 'बायबल म्हणतं की याचा अर्थ अमुक' असं वाक्य याच्याबाबत लिहिताच येत नाही.

अंकलिपी
आणि ती दहा नावांची साखळी? आदाम ते नोहा, नावांचे अर्थ ओळीने लावले की सुवार्तेचं एक वाक्य होतं असा संदेश फिरत असतो.

खडूफळा
तिथे अर्थ वाक्याला बसतील असे निवडलेत. महललेल म्हणजे 'धन्य देव' दाखवतात, पण शब्द स्तुतीचा आहे, धन्यचा धातू बेत-रेश-काफ. केनान म्हणजे 'शोक' दाखवतात, 'कीना' या विलापाच्या शब्दावरून, पण नावात कोफ-योद-नून-नून आहे आणि ते काइनाच्या घराण्यातलं आहे. मथुशलह म्हणजे 'त्याच्या मृत्यूनंतर येईल' हे तर व्याकरणात कुठेच बसत नाही. 'मथु' हा माणूस किंवा पुरुष या अर्थाचा जुना सेमिटिक शब्द आहे, अक्कादीत (जुन्या मेसोपोटेमियातल्या भाषेत) 'मुतु'. अमार्ना पत्रांत (इजिप्तमध्ये सापडलेला जुना राजकीय पत्रव्यवहार) पेल्लाच्या राजाचं नाव मुत-बालू, बआलाचा माणूस. मथुशाएलमध्येही तोच 'मथु', म्हणून 'देवाचा माणूस' हा अर्थ सुचवला जातो. मृत्यूशी त्याचा संबंध नाही.

आडवीमात्रा
'मेहय्ये'बद्दल एक जोड: हा शब्द महाराष्ट्रात अगदीच परका नाही. बेने इस्राएली लोक रोजच्या प्रार्थनेत, शमोने एस्रेच्या दुसऱ्या आशीर्वादात, 'मेहय्ये हामेतीम', मृतांना जिवंत करणारा, असं म्हणतात. मराठीतून हिब्रू शिकण्याची सोयही जुनी आहे. जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण १८३२ चं. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते केडगावला छापून १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता एकच विचारायचं राहिलं. बायबल अभ्यासाच्या टिपणात किंवा नावांच्या कोशात हे नाव लिहायचं झालं तर काय लिहावं?

शिरोरेघ
असं लिहा: "महूयाएल. हिब्रू मेहूयाएल, त्याच वचनात मेहिय्याएल असंही. काइनाचा पणतू, ईरादाचा मुलगा, मथुशाएलाचा बाप. फक्त उत्पत्ती ४:१८. अर्थ अनिश्चित: पहिल्या रूपावरून 'देवाने पुसलेला', दुसऱ्यावरून 'देव जिवंत ठेवतो'. सप्तती माइएल, लॅटिन माविआहेल. महललेलशी (५:१२-१७) ताडून पाहा."

कातळशिल्प
'अर्थ अनिश्चित' नंतर 'बहुधा दुसरा' एवढं घाला. साचा त्याच्याच बाजूने आहे.

दौतटाक
माझ्या टिपणात ते 'बहुधा' येणार नाही. पहिल्या रूपातले वाव-योद 'माहूय'शिवाय कसे लावायचे ते आधी सांगा.

कातळशिल्प
वाव हा योदचाच लांबलेला दांडा. सप्ततीपुढे त्यांच्या काळी योदच होता.

दौतटाक
आणि जेरोमपुढे वाव. तुमच्या टिपणात 'बहुधा' ठेवा, माझ्यात नको.